रिचर्ड पार्कर कोण, ते आत्ता सांगायचं नाही

आमच्या वाचनगटात नियम फारसे नाहीत. पुस्तक ज्याने त्याने मिळवायचं, ज्याच्या घरी बैठक त्याने चहा आणि काहीतरी तिखट करायचं, वाचून झालं नसेल तरी यायचं, फक्त वाचल्याचा आव आणायचा नाही. ‘लाइफ ऑफ पाय’ घेतली तेव्हा मी एक जादा नियम घातला आणि त्यावरून बरीच कुरकुर झाली. पहिला भाग, म्हणजे पहिली ३६ प्रकरणं वाचून थांबायचं. पुढचं पान उलटायचं नाही. आतापर्यंत काय वाटलं ते कागदावर लिहायचं, खाली नाव घालायचं आणि कागद बैठकीत माझ्या हवाली करायचा. नंतर मत बदललं तर खुशाल बदला, पण कागदाला हात लावायचा नाही.

यामागे माझा एक जुना राग होता. यान मार्टेल या कॅनडियन लेखकाची ही कादंबरी सप्टेंबर २००१मध्ये आली, २००२मध्ये तिला बुकर मिळालं, २०१२मध्ये अँग ली यांचा सिनेमा आला, आणि तेव्हापासून तिच्याबद्दल कोणीही बोलायला लागलं की गाडी थेट शेवटावर जाते. शेवट आहेच तसा. तो एकदा कळला की आधीची सगळी पानं माणूस त्याच्याच उजेडात आठवतो. आपण कुठे कंटाळलो होतो, कशावर चिडलो होतो, कोणतं पान दोनदा वाचलं होतं, हे पार पुसलं जातं. मला नेमकं तेच हवं होतं. ज्यांनी सिनेमा पाहिला होता त्यांना तोंड मिटून बसायची ताकीद दिली. इथेही मी शेवट सांगणार नाहीये. एका ठिकाणी त्याच्या फार जवळ जावं लागेल, तिथे आधी सूचना देईन.

वाचली नसेल त्यांच्यासाठी एवढंच: पिसिन मोलिटर पटेल, म्हणजे पाय, हा पाँडिचेरीतल्या एका प्राणिसंग्रहालयाच्या मालकाचा मुलगा. त्याचं नाव पॅरिसमधल्या एका पोहण्याच्या तलावावरून ठेवलेलं. आणीबाणीच्या काळातल्या राजकारणाला वैतागून वडील सगळं विकून कॅनडाला जायचं ठरवतात. २१ जून १९७७ला हे कुटुंब मद्रासहून एका जपानी मालवाहू जहाजातून निघतं, सोबत परदेशी संग्रहालयांना विकलेले प्राणी. २ जुलैला जहाज बुडतं. १६ वर्षांचा पाय एका जीवरक्षक नावेत उरतो आणि त्यानंतरचे २२७ दिवस पॅसिफिक महासागरात काढतो. पण हा सगळा समुद्र दुसऱ्या भागात. आम्ही वाचत होतो त्या पहिल्या भागात पाण्याचा थेंब नाही. तिथे आहेत प्राणी, शाळा, वडील, आणि एकाच वेळी तीन धर्म पाळू पाहणारा हट्टी मुलगा.

गट आमचा चिंचवडचा. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या काकू, आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेले सर, एक वकीलबाई, जुन्नर तालुक्यातून येऊन चाकणला नोकरी करणारा एक तरुण, माझी वसईची मैत्रीण आणि मी. आणखी दोघं-तिघं येऊन-जाऊन असतात. काकू दर एकादशी पाळतात आणि त्याच दिवशी इंग्रजी रहस्यकथाही वाचतात. घरात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला त्या आधी वर्तमानपत्राचं कव्हर घालतात. ही सवय पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

सुरुवात माथेरानने झाली. पुस्तकाच्या आरंभी ‘लेखकाचे मनोगत’ आहे, त्यात निवेदक-लेखक सांगतो की १९३९मधल्या पोर्तुगालवर कादंबरी लिहायला तो मुंबईला उतरला आणि लिहायला निवांत जागा म्हणून माथेरान गाठलं. माकडं आहेत पण चहाचे मळे नाहीत, असं त्याने माथेरानचं वर्णन केलंय. तिथे ती कादंबरी मेली. त्याने तिची टिपणं सैबेरियातल्या एका खोट्या पत्त्यावर पाठवून दिली, परतीचा पत्ता घातला बोलिव्हियाचा, आणि स्वतः पाँडिचेरीला गेला. तिथल्या कॉफी हाउसमध्ये त्याला एक म्हातारा भेटतो आणि म्हणतो, माझ्याकडे अशी गोष्ट आहे की जी ऐकून तुमचा देवावर विश्वास बसेल.

आमची बैठक या पानावर बराच वेळ रेंगाळली. दस्तुरी नाक्यापुढे आपली गाडी नेता येत नाही, घोडे आणि हातरिक्षा, माकडं हातातली पिशवी नेतात, हे सगळ्यांचं बोलून झालं. मग जुन्नरचा मुलगा म्हणाला, “म्हणजे हे सगळं खरं आहे का?” ते मी आधी थोडं शोधून ठेवलं होतं. कॉफी हाउसातला म्हातारा आणि त्याने सांगितलेला पाय हे कल्पित. माथेरान मात्र खरं. कादंबरीची कल्पना माथेरानलाच सुचली, असं मार्टेलनी पुढे एका लेखात सांगितलंय. मोआसिर स्क्लियार या ब्राझिलियन लेखकाच्या एका छोट्या कादंबरीत मुलगा आणि जग्वार एका होडीत असतात. त्या कल्पनेची ठिणगी आपल्याला मिळाली हे मार्टेलनी मनोगतातच आभार मानून मान्य केलंय. बुकर मिळाल्यावर त्यावरून वादही झाला. वकीलबाईंना हा वाद फार आवडला. सरांना अजिबात आवडला नाही. “वाघ आणि जग्वार यात फरक आहे की नाही?” एवढं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

काकूंना राग होता तो वेगळाच. त्यांच्या कागदावर पहिलंच वाक्य होतं: “देवावर विश्वास बसावा म्हणून गोष्ट सांगणारा मनुष्य मला विक्रेता वाटतो.” मी ते मोठ्याने वाचलं तेव्हा सगळे हसले, पण काकू गंभीर होत्या. म्हणाल्या, “अगं, माझा विश्वास कुठल्या गोष्टीमुळे नाही बसलेला. आईला पहाटे उठताना पाहिलं, तेवढ्याने बसला. आता हा मला पुरावा द्यायला आलाय.” हा आक्षेप मला तेव्हाही खरा वाटला आणि पुस्तक संपल्यावरही तो पूर्ण सुटला असं वाटत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष असताना बराक ओबामांनी मार्टेलना पत्र लिहून या पुस्तकाला देवाचा देखणा पुरावा म्हटलं होतं. ते ऐकून काकू म्हणाल्या, “त्यांना लागत असेल.”

धर्माच्या प्रकरणांनी सगळ्यांनाच कुठे ना कुठे टोचलं, पण प्रत्येकाची टोचायची जागा निराळी. पाय जन्माने हिंदू. मुन्नारला सुट्टीत असताना तो चर्चमध्ये शिरतो आणि ख्रिस्ती होतो, मग पाँडिचेरीत एका सूफी बेकरीवाल्याकडून नमाज शिकतो, आणि यातलं काहीच सोडत नाही. एके दिवशी समुद्रकाठच्या रस्त्यावर आईवडिलांबरोबर फिरताना पुजारी, पाद्री आणि इमाम तिघेही एकदम समोर येतात आणि तिघांनाही कळतं की आपला गुणी शिष्य दुसऱ्या दोघांचाही गुणी शिष्य आहे. हा प्रसंग वाचताना आम्ही खूप हसलो. लेखकाला विनोद साधतो, हे त्याच्याबद्दल कोणी फारसं सांगत नाही.

पण हिंदू धर्माचं प्रकरण काकूंना पाहुण्याला देवघर दाखवल्यासारखं वाटलं: कुंकवाचे ढीग, हळद, घंटा, नारळ, सगळं नीट मांडलेलं आणि घरातलं कोणी तसं कधी बघत नाही असं. माझं मत काकूंच्या बाजूचं. वसईच्या मैत्रिणीला मात्र ख्रिस्ती प्रकरण सगळ्यात जिवंत वाटलं, कारण तिथे पाय वाद घालतो. आपला देव राक्षस मारतो, विश्वरूप दाखवतो, आणि हा देव स्वतःच मरतो, हे कसलं? मुलाच्या चुकीसाठी बापाने स्वतःला शिक्षा करून घ्यावी, हे कुठल्या घरात चालतं? पाद्री प्रत्येक वेळी एकच उत्तर देतो: प्रेम. ती म्हणाली, “लहानपणापासून ऐकलेली गोष्ट बाहेरच्याला किती विचित्र वाटत असेल, हे मला पहिल्यांदा कळलं. आमच्याकडे प्रश्नच विचारायचा नसतो, कारण उत्तर पाठ असतं.”

आणि सर चिडले अज्ञेयवाद्यांवरच्या टीकेवरून. पायला नास्तिक चालतात. त्याचे जीवशास्त्राचे शिक्षक कट्टर नास्तिक आहेत आणि तो त्यांना वेगळ्या श्रद्धेचे भाऊ मानतो. त्याला चालत नाहीत ते ‘माहीत नाही’ म्हणून कुंपणावर बसणारे. मरतानासुद्धा हे लोक कोरड्या तथ्याला चिकटून बसतील आणि चांगली गोष्ट हुकवतील, असं तो म्हणतो. सरांच्या कागदावर लाल शाईने लिहिलेलं: “माहीत नाही असं म्हणायला मुलांना शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्याला हा भित्रेपणा म्हणतो?” मला वाटतं, पहिल्या भागातली ही सगळ्यात मोठी ठिणगी. लेखक तिथेच, समुद्र दिसायच्या कितीतरी आधी, ‘चांगली गोष्ट’ हे माप हातात घेऊन बसलाय. नियमाने थांबवलं नसतं तर आम्ही हे प्रकरण ओलांडून वाघाकडे पळालो असतो. ते जेमतेम पाऊण पानाचं आहे.

तर देवाच्या पानांवर असे सगळे अडकलेले. मग पुस्तक खाली का ठेवलं नाही कोणी? कागद एकापाठोपाठ एक वाचत गेले तसं लक्षात आलं की सगळ्यांना ओढून नेलं होतं ते प्राण्यांनी.

पहिल्या भागात प्राणिसंग्रहालयाची एक लांबलचक बाजू मांडली आहे. पाय म्हणतो, जंगलातला प्राणी स्वतंत्र नसतो. भूक, भीती, शत्रू आणि हद्द यांनी तो बांधलेला असतो. तुमच्या घराचं दार लाथेने तोडून तुम्हाला रस्त्यावर काढलं आणि ‘जा, आता पाखरासारखे मोकळे आहात’ म्हटलं, तर तुम्ही नाचाल का? प्राण्याला आपली हद्द हवी असते, आणि चांगलं संग्रहालय म्हणजे नीट बांधलेली हद्द. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी ‘पलायन-अंतर’ ही कल्पना मांडली: प्रत्येक प्राण्याभोवती एक अदृश्य रेघ असते, तिच्या आत तुम्ही आलात की तो पळतो. पळायला जागा नसेल तर अंगावर येतो. कादंबरीत हे सगळं गोष्टीच्या ओघात येतं. सरांच्या कागदाची अख्खी मागची बाजू यावर होती. वाघ-सिंहांना वठणीवर आणणारा सर्कसवाला नेहमी रिंगणात आधी का शिरतो, हे प्रकरण त्यांनी पुन्हा वाचलं. त्यातलं ‘अल्फा’, म्हणजे कळपाच्या म्होरक्याचं प्रकरण आता जुनं झालंय, कोंडलेल्या लांडग्यांवरून काढलेला तो निष्कर्ष आपल्या पुस्तकातून पसरवणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच पुढे तो नाकारला, हेही त्यांनी सांगितलं. लेखकाला गुण कापले, पण पास केलं.

माझा अनुभव वेगळा. संग्रहालयाची ही बाजू मला पटत नाही. लहानपणी पेशवे पार्कात पिंजऱ्यात एकाच वाटेने येरझाऱ्या घालणारे प्राणी पाहिले आहेत आणि ते ‘घरात’ होते असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण वाचताना पायशी सतत भांडत होते, आणि भांडता भांडता प्राण्याच्या जागी उभं राहून बघायला लागले होते. लेखकाला बहुधा एवढंच हवं असावं.

जुन्नरच्या मुलाने कागदावर मोजून चार ओळी लिहिल्या होत्या. त्यातली एक अशी: “टोकियो झटकलं तर एवढे प्राणी पडतील, मग आमचा ऊस झटकला तर?” कादंबरीत पाय सांगतो की १९३३च्या हिवाळ्यात झ्युरिकच्या प्राणिसंग्रहालयातून एक काळा बिबट्या पळाला आणि दहा आठवडे स्विस थंडीत कोणाच्या नजरेला न पडता जगला. ही घटना खरोखर घडलेली. टोकियो शहर उलटं करून झटकलं तर त्यातून कोणकोणते प्राणी बाहेर पडतील, असं तो पुढे विचारतो. आम्हाला ही कल्पनेची भरारी वाटली होती. या मुलाला ती गावची गोष्ट वाटली. तो सांगत होता, उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते, ऊस तोडताना पिल्लं सापडतात, तोडणारे काम थांबवतात, वनखात्याला फोन जातो, पिल्लं तिथेच क्रेटमध्ये ठेवतात आणि रात्री मादी येऊन घेऊन जाते. कितीदा असं होतं, किती वेळा होत नाही. जीवही जातात, विशेषतः लहान मुलांचे, आणि त्यावर चहा पीत गप्पा मारता येत नाहीत, हेही त्याने बजावलं.

मग तो हद्दीवर आला. “ताई, हद्दीचं त्याने लिहिलंय ते आमच्याकडे प्रयोग करून झालंय.” मला हे अर्धवट माहीत होतं. २००१नंतर जुन्नर भागात बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडायला सुरुवात झाली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. त्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते नंतर १७वर गेले. घरातून उचललेलं जनावर अनोळखी जागी बिथरतं. पाय म्हणतो, पळालेला प्राणी कुठेतरी जायला पळत नाही, कशापासून तरी पळतो. सरांनी इथे पेन काढून कादंबरीच्या समासात ‘जुन्नर’ असं लिहून ठेवलं.

पहिल्या भागातला सगळ्यात जड प्रसंग म्हणजे वडिलांनी मुलांना दिलेला धडा. ते दोन्ही मुलांना वाघाच्या पिंजऱ्यासमोर उभं करतात. वाघ तीन दिवस उपाशी ठेवलेला. एक जिवंत बकरी आत सोडतात, आणि मुलांनी तोंड फिरवायचं नाही. आई रडते, मुलं थरथरतात. मग वडील त्यांना एकेका पिंजऱ्याशी नेऊन तिथला प्राणी माणसाचं काय करू शकतो ते सांगतात. याच संग्रहालयाच्या प्रवेशद्वारापाशी एक पडदा आहे. सगळ्यात धोकादायक प्राणी कोणता, असं वर लिहिलेलं. पडदा बाजूला करावा तर मागे आरसा. पाय सांगतो, त्याहूनही धोकादायक एक प्राणी आहे: आपण माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेला प्राणी, गोंडस, प्रेमळ, आपल्याला समजून घेणारा.

यावर काकूंनी जे काढलं ते माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. त्या म्हणाल्या, “मग आमच्या संतांनी काय केलं? ज्ञानोबांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले. एकनाथांनी काशीहून आणलेली कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. त्यांना त्या प्राण्यात देव दिसला. हा बाप म्हणतो, काही बघू नकोस, दात बघ.”

सर म्हणाले, “काकू, तुमच्या यादीत रेडा, गाढव आणि कुत्रा आहे. वाघ कुठे आहे?”

थोडा वेळ कोणाला उत्तर सुचेना. मग जुन्नरचा मुलगा म्हणाला, “वाघ आहे ना. वाघोबा.” त्याच्या तालुक्याच्या पश्चिमेकडच्या आदिवासी गावांत, पुढे अकोले तालुक्याच्या बाजूला वाघबारस होते. पालघर-ठाण्याकडे वारली लोकांतही लाकडावर किंवा दगडावर कोरलेला, शेंदूर लावलेला वाघोबा असतो, बरोबर चंद्रसूर्य. त्याचं ठाणं सहसा वस्तीच्या बाहेर, रानाच्या वाटेवर. नैवेद्य द्यायचा, नमस्कार करायचा, आमच्या गुरांना आणि पोरांना सांभाळ म्हणायचं आणि परत फिरायचं. “त्याला घरात कोणी आणत नाही. त्याच्या तोंडात कोणी पाणी घालायला जात नाही. तो देव आहे म्हणूनच लांब ठेवायचा.”

मला वाटतं या बैठकीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. बाप म्हणतो ते आणि काकू म्हणतात ते यांच्यामधली एक तिसरी जागा आम्हाला त्या मुलाने दाखवली: जिथे भीती आणि भक्ती एकमेकींना खोडत नाहीत, आणि मध्ये एक रेघ असते जी दोघांनीही ओलांडायची नसते. पुढच्या भागात पाय नावेत नेमकं हेच करतो, शिट्टी आणि दोरीच्या आधाराने रेघा आखतो. श्रद्धेवरची कादंबरी म्हणून तिची जाहिरात होते, आणि तिच्यातली देवाबद्दलची पानं मला आजही सगळ्यात कच्ची वाटतात. तिच्यातली खरी उपासना मला सापडली ती प्राण्याकडे बघण्याच्या रीतीत: डोळे न मिटता, लाडात न येता, अंतर राखून. हे मी माझ्या कागदावर लिहिलं नव्हतं. माझ्या कागदावर संग्रहालयाशी भांडण होतं फक्त, आणि नियमाप्रमाणे तो तसाच आहे.

आता काकू आणि कव्हर. पहिल्या भागात अधूनमधून रिचर्ड पार्कर नावाचा कोणीतरी येतो. मोठा झालेला पाय त्याच्याबद्दल हळवा होऊन बोलतो, तो निरोप न घेता निघून गेला याचं दुःख सांगतो. जहाज बुडतं तेव्हा लाटांमध्ये पाय त्याला हाका मारतो, पोहत ये, जीव सोडू नकोस. प्रकरण संपता संपता कळतं की तो ४५० पौंडांचा बंगाली वाघ आहे. कारकुनी घोळात पकडणाऱ्या शिकाऱ्याचं नाव बछड्याला आणि बछड्याचं नाव शिकाऱ्याला चिकटलेलं. लेखकाने ही युक्ती इतक्या कष्टाने रचली आणि प्रकाशकांनी मुखपृष्ठावर नावेत पसरलेला वाघ छापून टाकला. त्यामुळे जगात जवळजवळ कोणीच फसत नाही. आमच्या काकू फसल्या. पुस्तक सुनेने आणून दिलं, काकूंनी मुखपृष्ठाकडे न बघता कव्हर घातलं. कागदावर त्यांनी लिहिलं होतं: “हा पार्कर कोणी गोरा साहेब असावा. संग्रहालयात भागीदार वगैरे. पुढे बहुधा पैशांवरून दगा देणार.”

मी हे वाचून दाखवलं तेव्हा सिनेमा पाहिलेल्यांची अवस्था बघण्यासारखी होती. कोणी खिडकीबाहेर बघत होतं, कोणी चकली चावत होतं. काकूंनी विचारलं, “का गं, काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही काकू, पुढे वाचा.” दोन दिवसांनी रात्री साडेदहाला त्यांचा फोन. “अगं, वाघ!” एवढंच बोलल्या. माझ्या ओळखीतला हा एकमेव वाचक, ज्याला ते प्रकरण लेखकाने लिहिलं तसं मिळालं. मला त्यांचा हेवा वाटतो.

दुसरा एक माणूस होता ज्याला ते नाव निराळ्या कारणाने ओळखीचं होतं, त्या म्हणजे वकीलबाई. त्यांच्या कागदावर एकच ओळ होती: “या नावाचा एक मुलगा मला लॉ कॉलेजात भेटला होता. बाकी नंतर.” पहिल्या बैठकीत त्यांनी याहून अधिक सांगायला नकार दिला. पुढची बैठक झेब्रा, तरस, ओरांगउटान आणि वाघ यांच्यासकट नावेतल्या पहिल्या काही दिवसांवर झाली. ती मी इथे भराभर ओलांडते, कारण त्या दिवशी बोलण्यापेक्षा गप्प बसणंच जास्त झालं. तरसाने जिवंत झेब्र्याचं जे केलं ते वसईच्या मैत्रिणीला वाचवेना आणि तिने तिथेच पुस्तक बंद केलं. दोन आठवड्यांनी पुन्हा उघडलं. सर फक्त म्हणाले की तरस असंच करतो, त्यात क्रौर्य नसतं. आणि जुन्नरच्या मुलाने समुद्रात खरंच इतके दिवस कोणी जगतं का ते शोधून आणलं होतं: स्टीव्हन कॅलाहन १९८२मध्ये अटलांटिकमध्ये रबरी तराफ्यावर ७६ दिवस जगले, आणि याच कादंबरीच्या सिनेमासाठी पुढे त्यांचा सल्ला घेतला गेला.

वकीलबाईंना लॉ कॉलेजात भेटलेल्या त्या मुलाचं आता सांगते. ज्यांना शेवट कोरा ठेवायचाय त्यांनी इथे थांबलं तरी चालेल.

मे १८८४मध्ये ‘मिन्योनेट’ नावाची एक छोटी नौका इंग्लंडहून सिडनीला निघाली. जुलैमध्ये दक्षिण अटलांटिकमध्ये ती बुडाली. चार जण १३ फुटी होडीत उरले: कप्तान टॉम डडली, एडविन स्टीव्हन्स, एडमंड ब्रुक्स आणि १७ वर्षांचा पोऱ्या, रिचर्ड पार्कर. खायला सलगमचे दोन डबे. मध्ये एक कासव मिळालं. पाणी नाही. पार्करने समुद्राचं पाणी प्यायलं आणि तो आजारी पडला. एकोणिसाव्या-विसाव्या दिवसाच्या सुमारास डडली आणि स्टीव्हन्सने ठरवलं, प्रार्थना म्हटली आणि त्याला मारलं. तिघांनी त्याच्यावर दिवस काढले. काही दिवसांनी एका जर्मन जहाजाने त्यांना उचललं. परत आल्यावर त्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं, कारण समुद्रावरची रीत आपल्या बाजूने आहे असं त्यांना वाटत होतं. कोर्टाने दोघांना खुनी ठरवलं. फाशीची शिक्षा झाली, ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली. भारतीय दंड संहितेचं ८१वं कलम (२०२४पासून भारतीय न्याय संहितेचं १९वं) शिकताना प्रत्येक विद्यार्थ्याला हा खटला येतो: जीव वाचवायला दुसऱ्याचा जीव घेणं हा बचाव होत नाही. आणि याच्याही ४६ वर्षं आधी, १८३८मध्ये, एडगर अ‍ॅलन पोच्या कादंबरीत समुद्रात भुकेल्यांनी मारून खाल्लेल्या खलाशाचं नाव होतं रिचर्ड पार्कर.

“म्हणून वाघाचं नाव वाचलं तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला,” वकीलबाई म्हणाल्या. “तुम्ही सगळे मुन्नार आणि माथेरान करत होतात, आणि मी विचार करत होते की या नावेत कोण कोणाला खाणार.”

मग त्यांनी शेवटचं सांगितलं. साउथॅम्प्टनजवळ पेअरट्री ग्रीनच्या चर्चच्या आवारात त्या मुलाच्या नावाचा दगड आहे. त्यावर बायबलमधलं वचन कोरलंय. वसईच्या मैत्रिणीने ते लगेच ओळखलं, ईयोबाच्या पुस्तकातलं: त्याने मला मारलं तरी मी त्याच्यावर भरवसा ठेवीन.

सर उसळले. दगडावर काय लिहायचं ते त्या मुलाने ठरवलं नव्हतं, तो समुद्राचं पाणी पिऊन बेशुद्ध पडला होता, त्याला विचारलं कोणी? मैत्रीण म्हणाली, ईयोबही ते शांतपणे म्हणत नाही, भांडताना म्हणतो, पुढची ओळ वाचा. मी माझ्या बाजूने काही बोलणार तोच काकूंनी हात वर केला. त्यांना त्यांचा पहिला कागद परत हवा होता. मी म्हटलं, नियम नियम आहे. त्या म्हणाल्या, बदलायचा नाहीये, खाली फक्त भर घालायची आहे.

यावर मतदान झालं. भर घालायला परवानगी मिळाली, खोडायला नाही. काकूंनी काय लिहिलं ते पुस्तक संपेपर्यंत मी वाचायचं नाही असं ठरलं, म्हणून कागदाची घडी घालून स्टेपल केली. पुढची बैठक सरांच्या घरी, दुसरा भाग संपवून यायचं, आणि वकीलबाईंनी तोपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही.